सापडले, पण होते कुठे?

हरवलेल्या मुलांवरच्या थरारकथेत एक प्रसंग हमखास येतो. शोध थंडावलेला असतो, भिंतीवरची पत्रके पावसाने धुऊन गेलेली असतात आणि एक दिवस मूल आपल्या पायांनी दारात येऊन उभे राहते. सगळ्यांना हायसे वाटते. एका बातमीदाराला मात्र चैन पडत नाही. इतके दिवस हे मूल कुठे होते, त्याला कोणी जेवू घातले, कोणी राबवले, कोणी आणून सोडले, असे प्रश्न तो विचारत सुटतो आणि खरी कथा तिथून पुढे चालू होते. आपल्याकडे खऱ्या मुलांची कथा नेमकी त्याच जागी मिटवली जाते. ‘मिळून आले, पालकांच्या ताब्यात सुखरूप दिले’ एवढी नोंद होते, कागद दप्तरी जातो आणि बातमीदारही पुढच्या बातमीकडे वळतो. मुलांना पळवणाऱ्या, विकणाऱ्या आणि राबवणाऱ्या माणसांना याहून मोठी सोय दुसरी कोणती हवी? म्हणूनच ही धोक्याची घंटा आज वाजवावी लागत आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ८३,३५० मुले बेपत्ता झाली. त्यांत ६२,९४६ मुली होत्या. म्हणजे दर चार बेपत्ता मुलांमागे तीन मुली. त्याच वर्षात, आधीच्या वर्षांतली प्रकरणे धरून, ८०,५६१ मुलांचा शोध लागला. असा दुसरा आकडा नेहमी दिलासा म्हणून सांगितला जातो. बहुतेक मुले सापडतात, मग घबराट कशाला, असा त्यामागचा सूर असतो. पण परत आलेले मूल हा साक्षीदार असतो. त्याला रस्ता ठाऊक असतो, गाडी ठाऊक असते, ‘काका’ म्हणायला लावणाऱ्या माणसाचा चेहरा ठाऊक असतो, ज्या खोलीत डांबले तिथे आणखी किती मुले होती हे ठाऊक असते. सगळ्याच मुलांच्या वाट्याला असे येत नाही, हे खरे. कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाच्या नाही, हे विचारल्याशिवाय कळणार कसे? एका वर्षात ऐंशी हजार मुले परत येतात आणि त्यांतल्या किती जणांशी कोणी शांतपणे बसून बोलले, त्या बोलण्यातून किती गुन्हे उघड झाले, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

तो असायला हवा होता, कारण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच काम सांगितले आहे. नोएडाजवळच्या निठारी गावात डिसेंबर २००६ मध्ये मुलांचे अवशेष सापडले. त्याआधी तिथले गरीब आईबाप पोलिसांचे उंबरे झिजवत होते आणि ‘पोरगी पळून गेली असेल’ हे उत्तर ऐकून घरी परतत होते. त्या खटल्यातले दोघेही आरोपी पुढे वरच्या न्यायालयांत निर्दोष सुटले. तपासावर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले आणि ती मुले कोणी मारली, याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही. निठारीच्या पार्श्वभूमीवर ‘बचपन बचाओ आंदोलना’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असे धरून चालायचे, हा त्यातला भाग आता पोलीस ठाण्यांच्या अंगवळणी पडला आहे. महाराष्ट्रात अल्पवयीन मूल बेपत्ता झाले की अपहरणाचे कलम लागते, ते त्यामुळेच. त्याच आदेशात आणखी एक सूचना आहे: मूल सापडल्यानंतरही पोलिसांनी तपास पुढे चालू ठेवावा, ते बेपत्ता होण्यामागे तस्करीचा हात आहे का हे पाहावे आणि धागा सापडला तर कारवाई करावी. हा भाग मात्र कागदावर राहिला. मूल सापडल्यावर तपासाची निकड संपते, तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर दुसरे दहा गुन्हे वाट पाहत असतात आणि आईबापांनाही ठाण्याची पायरी पुन्हा चढायची नसते. सगळ्यांनाच प्रकरण मिटलेले हवे असते. त्यात मुलाला काय हवे आहे, हे कोणी विचारत नाही.

परत येणाऱ्या मुलांना न विचारल्याने काय होते, याचा धडा इंग्लंडमधल्या रॉदरहॅम या शहराने जगाला दिला आहे. तिथल्या मुली कायमच्या नाहीशा होत नव्हत्या. घरातून, बालगृहातून जायच्या, काही काळाने परत यायच्या, पुन्हा जायच्या. पोलिसांच्या लेखी त्या उनाड पोरी होत्या, स्वतःच्या मर्जीने भटकणाऱ्या, पोलिसांचा वेळ खाणाऱ्या. ‘द टाइम्स’चा बातमीदार अँड्र्यू नॉरफोक याने २०११ पासून या मुलींच्या प्रकरणांचा पिच्छा पुरवला. उत्तर इंग्लंडच्या वेगवेगळ्या शहरांतले खटले त्याने शेजारीशेजारी ठेवून वाचले आणि तीच पद्धत सगळीकडे वापरली जात असल्याचे त्याच्या ध्यानात आले. आधी भेटवस्तू, मग दारू आणि नशा, मग धमकी, मग एकाकडून दुसऱ्याकडे. यंत्रणांना हे बऱ्याच आधीपासून माहीत होते, हे त्याने २०१२ मध्ये त्यांच्याच गोपनीय कागदपत्रांवरून दाखवून दिले. त्यानंतर नेमलेल्या प्रा. ॲलेक्सिस जे यांच्या चौकशीने ऑगस्ट २०१४ मध्ये सांगितले की १९९७ ते २०१३ या काळात एका रॉदरहॅममध्ये किमान १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाले. बहुसंख्य गुन्हेगार ज्या समाजातले होते त्याविषयी बोलायला अधिकारी कचरत होते, हेही त्या अहवालात आहे, आणि पुढे ब्रिटनमध्ये वाद पेटला तो मुख्यतः त्यावर. आम्हाला त्या अहवालातली दुसरी बाब अधिक हादरवणारी वाटते. कितीतरी मुली यंत्रणेला नावानिशी माहीत होत्या. त्यांची ये-जा कागदावर होती. त्या परत येत होत्या, म्हणून त्या धोक्यात आहेत असे कोणाला वाटले नाही.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात २०२२ मध्ये काय उघडकीला आले ते आठवा. कातकरी कुटुंबांतली लहान मुले शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे मेंढ्या वळायला नेली जात होती. मोबदला म्हणून आईबापांच्या हाती थोडे पैसे आणि एखादी मेंढी. दहा वर्षांच्या आसपासची एक मुलगी अशीच परत आली. तिला अंगावर जखमा असलेल्या, मरणासन्न अवस्थेत झोपडीबाहेर आणून टाकले होते. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. ती गेली तेव्हा कुठे श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी, मग पोलिसांनी, मग राज्याने विचारायला सुरुवात केली आणि तशीच वेठबिगारीत अडकलेली आणखी मुले बाहेर आली. या मुलांची कोणत्याही ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद नव्हती. शाळेच्या पटावरून एक मूल तीन तीन वर्षे गैरहजर राहते, गावात दिसत नाही, आणि त्याची साधी चौकशी होत नाही, हे त्या मुलीच्या मरणाने सांगितले. ती धडधाकट परत आली असती तर आजही हे कोणाला कळले नसते.

मुंबईच्या एका उपनगरातून सात वर्षांची एक मुलगी २०१३ मध्ये नाहीशी झाली आणि २०२२ मध्ये सापडली. नऊ वर्षांतला बराच काळ ती आपल्या घरापासून फार दूर नसलेल्या वस्तीत होती, लोकांच्या घरी मुले सांभाळत होती. तिला सोडवले ते तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईच्या शहाणपणाने. तिने मुलीचे बोलणे ऐकून घेतले, त्यावर विश्वास ठेवला आणि जुन्या शोधपत्रकावरच्या क्रमांकांवर फोन करून पाहिले. एवढ्या वर्षांत ही मुलगी किती दारांत उभी राहिली असेल! शाळेच्या वयाची पोर घरकाम करताना दिसली, तर तिला नाव-गाव विचारायचे, हे आपल्या सुशिक्षित सोसायट्यांना सुचत नाही. १८ वर्षांखालचे मूल एकटे, निराधार सापडले तर २४ तासांत पोलीस, बालकल्याण समिती किंवा १०९८ या क्रमांकावर कळवणे बाल न्याय अधिनियमानुसार बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. किती जणांना हे माहीत आहे?

आता पोलिसांची बाजू, कारण ती खोटी नाही. बेपत्ता नोंदीतली बरीच प्रकरणे गुन्हेगारी टोळीची नसतात. दहावीचा निकाल लागला म्हणून घर सोडलेला मुलगा असतो, बापाच्या माराला कंटाळून मुंबईची गाडी पकडलेला असतो, सोळा-सतरा वर्षांची मुलगी आवडत्या मुलाबरोबर गेलेली असते. रेल्वे सुरक्षा दलाने ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत २०१८ पासून २०२४ च्या मध्यापर्यंत स्थानकांवर आणि गाड्यांत ८४,११९ मुले ताब्यात घेऊन सुरक्षित जागी पोचवली. त्यांतही अशी घर सोडून आलेली मुले पुष्कळ होती. रात्रंदिवस बंदोबस्तात जुंपलेल्या हवालदाराला वाटते, पोर सापडले, आई रडते आहे, सोपवावे आणि सुटावे. त्याच्या जागी कोणालाही तसेच वाटेल.

पण घर सोडून गेलेल्या मुलाला घरीच परत सोडणे, हेच अनेकदा सर्वांत धोक्याचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. पाच जणींत एकीहून अधिक. ऊसतोडीला जाण्याआधी पोरीचे हात पिवळे करून टाकण्याची मराठवाड्यातली घाई सर्वांना माहीत आहे. अशा घरातून पंधरा वर्षांची मुलगी पळाली, तर ती कशापासून पळाली हे विचारल्याविना तिला बापाच्या ताब्यात देणे म्हणजे सरकारी शिक्क्यानिशी तिला बोहल्यावर उभे करणे. घरातल्याच कोणाच्या अत्याचाराला कंटाळून बाहेर पडलेल्या मुलीचे काय होत असेल, ते लिहवत नाही. ती पुन्हा पळते. दुसऱ्यांदा ती ज्याच्या हाती लागते तो तिला परत येऊ देईलच असे नाही.

म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मधला टप्पा ठेवला आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले की २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचे, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, चार महिन्यांत अंतिम आदेश. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. हा कायदा विचारपूर्वक केलेला आहे. अडचण अशी की बरीच मुले त्या समितीपर्यंत पोचतच नाहीत. ठाण्यातच जबाब, ठाण्यातच ताबा. जी पोचतात त्यांच्या वाट्याला रिकाम्या पदांची समिती किंवा एकाच वेळी डोंगरभर कामे ओढणारा परिविक्षा अधिकारी येतो. आणि मूल असे विचारल्याबरोबर बोलत नसते. मुलांमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. पहिल्या दिवशी ते नाव खोटे सांगते, गाव खोटे सांगते, ‘मी माझ्या मनाने गेलो’ असे पढवलेले वाक्य म्हणते. कधी भीतीने, कधी लाजेने, कधी ज्याने छळले त्याच्यावर जीव जडल्यामुळेसुद्धा. तेच माणूस दुसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा भेटायला आले, गणवेशात नसले, घाईत नसले, तर कधीतरी एखादा तपशील निसटतो: पेट्रोल पंपाजवळचा ढाबा, हिरव्या रंगाची खोली, कोणाचे तरी टोपणनाव. तपासाला तेवढा धागा पुरतो. तो धागा पकडायला त्या वेळी तिथे कोणी असावे लागते.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार, बेपत्ता झालेले मूल परतल्यावर ७२ तासांच्या आत त्याच्याशी एका स्वतंत्र व्यक्तीने बोलावे लागते. ती व्यक्ती पोलीस नसते, त्या मुलाला सांभाळणारीही नसते. अंमलबजावणीत तिथेही त्रुटी आहेत. पण कर्तव्य कोणाचे, हे ठरलेले आहे. आपल्याला त्यासाठी नवा कायदा नको. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे, हे आजच्याच कायद्यात आहे. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यावा, हेही नियमांत आहे. त्या कक्षाने सापडलेल्या मुलांची उत्तरेही वाचावीत, एका जिल्ह्यातला तपशील दुसऱ्या जिल्ह्यातल्याशी ताडून पाहावा, एवढेच आमचे मागणे आहे. नॉरफोकने एकट्याने जे केले, ते करायला राज्याच्या गृहखात्याकडे माणसेही आहेत आणि संगणकही.

१०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाला. रस्त्यावरच्या मुलांनी स्वतः फोन करावा, इतका त्यांचा त्या सेवेवर विश्वास बसला होता. २०२३ पासून ती सेवा सरकारने आपल्याकडे घेतली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. सरकारने जबाबदारी घेतली याचे स्वागत. पण फलाटावरच्या मुलाला नावाने ओळखणारे, घरी सोडल्यावर महिन्याने पुन्हा डोकावणारे संस्थांचे कार्यकर्ते त्या बदलात मागे पडले, आणि वस्तीशी असलेले त्यांचे नाते सरकारी कक्षाला एका आदेशाने मिळत नाही. ते कार्यकर्ते पुन्हा या कामात आणले पाहिजेत.

धोक्याची घंटा वाजवताना एक भान आम्हाला सोडायचे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मोबाइलवरून फिरलेल्या अफवेखेरीज त्यामागे काही नव्हते. मे २०२३ मध्ये बिहारहून सांगलीकडे मदरशात शिकायला निघालेली ५९ मुले भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवली गेली, सोबतच्या पाच जणांना तस्करीच्या आरोपाखाली तुरुंगात जावे लागले, आणि पुढच्या वर्षी गैरसमजातून गुन्हा नोंदल्याचे सांगत पोलिसांनी ते प्रकरण बंद केले. मुले कोण नेते, कशासाठी नेते, कोणत्या वाटेने नेते, याची खरी माहिती लोकांपुढे येत नाही तेव्हा भीती अशा निरपराध, गरीब, परक्या माणसांवर कोसळते. परत आलेल्या मुलांचे ऐकले, तर मुलांना नेणारे बहुतेक वेळा ओळखीचेच निघतात, असे आमचे मत आहे: मुकादम, दूरचा नातेवाईक, नोकरी लावतो म्हणणारा शेजारी, मोबाइलवर जुळलेला मित्र. झोळीवाल्या अनोळखी माणसाला मारून यांतला एकही सापडत नाही.

आणि वृत्तपत्रांनी, वाहिन्यांनी काय करावे? मूल परत आले की त्याच्या दाराशी कॅमेरे लावणे आधी थांबवावे. बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने अशा मुलाची ओळख उघड करण्याला मनाई केली आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हरवल्यावर शोधासाठी छापलेला फोटो सापडल्यावर पुन्हा छापायचा नसतो. मुलाच्या तोंडासमोर माईक धरून ‘तुला काय काय केले’ असे विचारणे हा तपास नव्हे, तो दुसरा अत्याचार आहे. बातमीदाराचे प्रश्न मुलाला नसावेत. ते ठाण्याला, समितीला, कामगार आयुक्तांना, शाळेच्या पटाला असावेत, आणि ते मूल सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हे तर सहा महिन्यांनीही विचारले जावेत. गुन्हे वार्तांकन करणाऱ्या तरुण बातमीदारांना संपादकांनी तेवढा वेळ आणि तेवढी पाठराखण द्यावी.

राज्यात ‘ऑपरेशन मुस्कान’च्या मोहिमा होतात, एकेका महिन्यात मुले शोधली जातात, त्यासाठी राबणाऱ्या पोलिसांचे कौतुक व्हायलाच हवे. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने, तो सत्ताधारी असो वा विरोधी, गृहखात्याला तारांकित प्रश्न विचारावा: या मोहिमांत सापडलेल्या मुलांपैकी किती बालकल्याण समितीपुढे नेली गेली, किती जणांची सामाजिक तपासणी पूर्ण झाली, मूल सापडल्यानंतर किती गुन्ह्यांत तपास पुढे चालू राहून कलमवाढ झाली, आणि घरी सोडलेल्यांपैकी किती मुले वर्षाच्या आत पुन्हा बेपत्ता झाली?